कोणाची आहे का ही वाट?

टेकडीवरच्या पायवाटा दुरुस्त करणारी मंडळी दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी जमत. दातांचे डॉक्टर, शिंपीकाका, निवृत्त पोस्टमास्तर, बेकरी चालवणाऱ्या दोघी जावा आणि येऊन-जाऊन असलेले आणखी काही जण. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, पगार तर नव्हताच. पण त्यांनी काम सुरू केल्यापासून टेकडीच्या दोन्ही अंगांच्या वस्त्या एकमेकींना ओळखू लागल्या होत्या. म्हातारी माणसं संध्याकाळी फिरायला बाहेर पडत होती, आणि ज्यांच्या दारावरून वाट गेली होती ते आपणहून पाण्याचा माठ बाहेर ठेवत होते.

मंडळींच्या म्होरक्या होत्या बाई. त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत, त्यामुळे त्यांच्याहून वयानं मोठे असलेले डॉक्टरही त्यांना बाईच म्हणत. त्यांच्या खिशात गवंड्याची छोटी पाणसळ असे. पायरीचा दगड बसवला की त्या ती पट्टी दगडावर ठेवत आणि बुडबुडा मध्यावर आला नाही तर दगड पुन्हा काढायला लावत. पाठीमागे त्यांचं नावच पाणसळ पडलं होतं.

"पाणसळ आली रे, पाय जुळवून उभे राहा," शिंपीकाका म्हणत. "वाकडे दिसलात तर उपटून परत लावतील."

बाईंना हे नाव ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग नव्हता.

नवीन वाट बांधण्याइतकंच जुनी वाट बंद करणं हेही मंडळींचं काम होतं. लोक मध्येच आडवे-तिडवे जातात, तिथली माती सुटते, पाणी त्याच घळीतून धावतं आणि पाहता पाहता वाटेचा ओढा होतो. अशा वाटेच्या दोन्ही तोंडांवर काटेरी फांद्या रचायच्या, वर पालापाचोळा पसरायचा. मधला भाग तसाच सोडला तरी चालतो, तोंड दिसलं नाही की पाय आपोआप दुसरीकडे वळतात. पण कुणाची अडचण होऊ नये म्हणून बाईंनी एक पद्धत घालून दिली होती. बंद करायच्या वाटेच्या तोंडाशी उभं राहून तीनदा मोठ्यानं विचारायचं, "कोणाची आहे का ही वाट?" कुणी "माझी" म्हटलं तर वाट राहणार, मात्र तिची देखभाल त्यानं स्वतः करायची. वाटेवरचं पाणी बाजूला काढणारा आडवा चर त्यानंच खणायचा आणि त्यात बाटलीभर पाणी ओतून दाखवायचं. पाणी बाहेर गेलं तर वाट त्याची. आत थांबलं तर बंद. आजवर "माझी" असं फारसं कुणी म्हटलं नव्हतं. लोकांना वाटा हव्या असतात, चर खणायचा नसतो.

बाईंच्या घरामागून एक सपाट वाट निघत होती. ती टेकडीच्या पोटाला धरून, फारशी न चढता न उतरता पलीकडच्या वस्तीत जात होती. तिकडच्या पहिल्याच घरात मावशी राहायची. आई रोज दुपारी जेवण आवरून, छत्री टेकत त्या वाटेनं आपल्या थोरल्या बहिणीकडे जायची. तिचे गुडघे गेलेले होते. मंडळींनी माथ्यावरून बांधलेली पायऱ्यांची वाट सगळ्या गावाचं कौतुक होती, पण आईला तिची तिसरी पायरीसुद्धा चढवत नव्हती. गाडीरस्ता टेकडीला पूर्ण वळसा घालून जायचा, आणि गाडी बाई चालवायच्या. फोनचा प्रश्नच नव्हता. मावशीला कित्येक वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. ती ओठ वाचायची, आणि इतकं छान वाचायची की रस्त्याच्या पलीकडे चाललेलं भांडणही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून बाई आईला आणायला त्या वाटेनं गेल्या. मावशीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून आईचं हसणं ऐकू आलं. बाई थबकल्या. असं हसणं त्यांनी आपल्या घरात ऐकलं नव्हतं. घरात आई "हो" म्हणायची, "नको" म्हणायची, "ठेव तिथं" म्हणायची.

"अगं, आमटीत मीठ घालायचं तर चमचा असा डोळ्यांसमोर धरते," आई सांगत होती, आणि बहुधा करूनही दाखवत होती, कारण मावशी खुर्चीवर हात आपटत होती. "मला वाटतं आता खिशातून पट्टी काढून मिठावर ठेवणार! मी तर श्वाससुद्धा सरळ रेषेत घेते त्या घरात."

मग मावशीचा आवाज, बहिऱ्या माणसाचा असतो तसा उंच आणि सपाट. "तुला माझा कंटाळा तर नाही ना येत गं? प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागते तुला. दमत असशील."

"येतो ना. म्हणून तर रोज येते," आई म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसल्या.

बाई हाक न मारता परत फिरल्या. घरी येऊन त्यांनी कणीक मळली, भाजी चिरली, आईची वाट पाहिली. आई आली. "आलीस?" बाईंनी विचारलं. "हो," आई म्हणाली आणि छत्री कोपऱ्यात ठेवून आपल्या खोलीत गेली.

आईनं आपल्याशी बोलावं, एवढंच बाईंना हवं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. गुडघ्यांचं झालं तेव्हा आईला त्यांनीच आपल्याकडे आणलं होतं, तिच्यासाठी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती, तिची औषधं, तिचं पथ्य, सगळं त्याच बघत होत्या. आणि आईचं बोलणं मात्र रोज दुपारी त्या वाटेनं पलीकडे जात होतं. संध्याकाळी परत यायची ती बोलून संपलेली आई.

पुढच्या रविवारी टाकीपाशी बाईंनी विषय काढला. "घरामागच्या सपाट वाटेची कड घळीपाशी ढासळतेय. ती वाट बंद करावी म्हणते."

कारण खोटं नव्हतं. बाई खोटं कारण कधी देत नसत. घळीपाशी कड खरंच सुटली होती. दगडांची एक रांग लावली असती तर भागलंही असतं, पण तसं कुणी विचारलं नाही.

"पण बाई, तुमच्या मातोश्री जातात ना तिकडून?" पोस्टमास्तर म्हणाले. "रोज बघतो मी. छत्री घेऊन निघतात, पाहणीला निघालेल्या साहेबासारख्या."

"म्हणूनच तर. उद्या तिथं पाय घसरला तर कोण बघणार? मावशीला हाकसुद्धा ऐकू जायची नाही."

"लेक असावी तर अशी," बेकरीतली थोरली जाऊ म्हणाली. धाकटीनं मान डोलावली. शनिवारी डॉक्टरांनी गाडीतून काटेरी फांद्या आणून वाटेच्या दोन्ही तोंडांशी टाकायच्या, असं ठरलं.

घरी बाई आईला एवढंच म्हणाल्या, "रविवारी येशील आमच्यात? चहा द्यायला. सगळे तुझं विचारत असतात."

"माझं? मी काय करणार तिथं?"

"बसायचं. कप भरायचे. इथंच मागं आहे काम."

"बरं," आई म्हणाली. मग खोलीत जाऊन तिनं ठेवणीतली चप्पल काढून पुसली, हे बाईंनी दारातून पाहिलं. आईला बरं वाटलं होतं. बाईंचा हिशेब सरळ होता. आई चारचौघांत कुणाचा शब्द मोडत नसे. तिच्यासमोर तीनदा विचारलं आणि ती गप्प राहिली, तर ते गप्प राहणं तिचं स्वतःचं असणार होतं. नंतर ती कुणाला काय म्हणणार?

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. आई दगडावर बसून किटलीतून चहा ओतत होती. बाजूलाच काट्यांचा ढीग होता. तो कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. शिंपीकाका तिला म्हणाले, "आजी, तुमच्या हातचा चहा प्यायला म्हणून आज लवकर उठलो. नाहीतर आमच्या घरी चहा म्हणजे रंगीत पाणी."

"मग तेच घेऊन या. इथं रंग देऊ," आई म्हणाली. सगळे हसले. बाईंनी चमकून आईकडे पाहिलं. दहा मिनिटांत हिनं यांच्याशी जितके शब्द खर्चले तितके घरी आठवड्यात खर्चत नव्हती.

मग बाई वाटेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. "कोणाची आहे का ही वाट?"

आईचा हात किटलीवर थांबला. तिनं ढिगाकडे पाहिलं, मग वाटेकडे, मग बाईंकडे.

"कोणाची आहे का ही वाट?"

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. आईनं कप खाली ठेवला.

"कोणाची आहे का ही..."

"माझी आहे," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. कुणीतरी टाळी वाजवली. "आजींची वाट!" धाकटी जाऊ म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्या सावकाश खाली आल्या, अवजारांतून एक फावडं उचललं आणि आईसमोर धरलं. "पद्धत माहीत आहे ना, आई? ज्याची वाट त्यानं चर खणायचा."

"अहो बाई, काय हे," डॉक्टर म्हणाले. "द्या, मी खणतो."

"पद्धत सगळ्यांना सारखी. मागच्या वर्षी त्या लंगड्या दूधवाल्याला आपण सूट दिली होती का?"

नव्हती दिली. दूधवाल्याचं पाणी थांबलं होतं आणि त्याची वाट मंडळींनी त्याच्या देखत बंद केली होती. त्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता सगळे पायांकडे बघू लागले.

आईनं फावडं घेतलं. ते धरायचं कसं हेही तिला ठाऊक नव्हतं. ती झाडूसारखं मारत होती. तिला वाकता येईना, म्हणून ती शेवटी गुडघ्यांवर बसली. बसताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून थोरली जाऊ पाठ फिरवून कप विसळायला गेली. आई खरवडत राहिली. माती ओली होती, हातांना चिकटत होती. ठेवणीतली चप्पल कधीच भरली होती. चर तयार झाला तो मधे खोल आणि बाहेरच्या टोकाला उंच. त्यात पाणी थांबणार हे बाईंना लांबूनच दिसत होतं. शाळेतल्या पहिल्या धड्यातली गोष्ट.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," आई धापा टाकत म्हणाली.

बाई पाण्याची बाटली आणायला वळल्या. तेवढ्यात शिंपीकाकांनी खोकल्याचं निमित्त करून पुढं होत चराच्या बाहेरच्या टोकावर टाच रोवली आणि गोल फिरवली. डॉक्टरांनी ते बघितलं आणि आकाशाकडे नजर लावली. पोस्टमास्तरांनी पहारीच्या टोकानं एक दगड अगदी सहज बाजूला सारला. "साप असतो कधी कधी," ते कुणी न विचारताच म्हणाले.

बाईंनी पाणी ओतलं. पाणी चरात गोळा झालं, जरा घुटमळलं, आणि टाचेच्या खळगीतून उतारावर पळालं.

जल्लोष झाला. धाकट्या जावेनं आईला धरून उठवलं, दगडावर बसवलं आणि तिचे हात धुवायला पाणी आणलं. "आजींनी पाणसळीला हरवलं!" शिंपीकाका ओरडले, आणि मग जीभ चावली. बाईंनी त्या खळगीकडे पाहिलं. तिला टाचेचा गोल आकार होता. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "छान," त्या म्हणाल्या. "वाट राहिली."

मग त्या घळ बघून येते असं सांगून एकट्याच वाटेनं पुढं गेल्या.

घळीच्या पलीकडच्या कडेला मावशी उभी होती. वाटेच्या तिकडच्या तोंडाशी पडलेला काट्यांचा ढीग बघून ती चौकशीला निघाली असावी. बाईंना पाहून तिचा चेहरा खुलला. तिनं आवाज केला नाही. नुसते ओठ हलवले, "चिमे, काय चाललंय? वाट बंद करताय?"

हा त्यांचा जुना खेळ होता. बाई लहान असताना मावशीनंच त्यांना आवाजाविना बोलायला शिकवलं होतं. भरल्या खोलीत, मोठ्यांच्या मधे बसून दोघी तासन् तास बोलायच्या आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. चिमी हे नावही मावशीचंच.

बाईंच्या मागे माणसं होती, पण त्यांना दिसत होती फक्त बाईंची पाठ. आईची तर इकडे पाठच होती. धाकटी जाऊ तिच्या हातांवर पाणी ओतत होती आणि काहीतरी सांगत होती.

बाईंनी ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मावशीनं शिकवलं होतं तसे. "आई दमते, मावशी."

"गुडघे?"

"गुडघे नाहीत. तुझ्याशी बोलून दमते. सगळं दोनदा बोलावं लागतं. तुला सांगायला तिला जड जातं, म्हणून वाट बंद करून मागितली."

ओठ बरोबर वाचले ना, अशा नजरेनं मावशीनं बाईंच्या तोंडाकडे पुन्हा पाहिलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. "तिनंच मागितली." मग मावशीनं बाईंच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिथं माणसांच्या घोळक्यात तिच्या धाकट्या बहिणीची पाठ दिसत होती, आणि ती पाठ हसण्यानं गदगदा हलत होती.

"बरं," मावशीचे ओठ म्हणाले. ती वळली. वळणापर्यंत ती दिसत होती. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

"कोण होतं?" बाई परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"मावशी."

"ताई आली होती?" आई दगडावरून अर्धी उठली. "अगं, मग हाक नाही का मारायचीस!"

"मारून काय उपयोग?" बाई म्हणाल्या.

यावर थोडं हसू झालं. आईही हसली. "तेही खरंच. उद्या जाऊन सांगते तिला सगळं. फावडं कसं धरलं ते करून दाखवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली आणि लवकरच परत आली. बाई शाळेतून आल्या तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती.

"ताई खिडकीतच होती. मी हात केला. तिनं पडदा ओढला."

"बरं वाटत नसेल."

मंगळवारी मावशीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. "तू आता आराम कर," तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं. "तुला दमवायचं नाही मला." आईला वाटलं, चर खणल्याचं कळून ताई टोमणा मारतेय. "अगं, काय झालंय तुला?" असं तिनं विचारलं, तेव्हा मावशीनं डोळे मिटून घेतले. आई बोलत राहिली. मावशी दारात उभी होती, समोर, हाताच्या अंतरावर, आणि डोळे मिटलेले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की त्याच्याशी बोलायला दुसरा मार्ग उरत नाही. आईनं तिचा दंड धरून हलवला. मावशीनं तो अलगद सोडवला आणि दार लावलं.

आई तरी जात राहिली. जाताना फावड्यानं चरातला पाला काढायची, कारण वाट तिची होती. मंडळींनी घळीपाशी दगडांची रांग लावून दिली. शिंपीकाकांनी हौसेनं लाकडाच्या फळीवर "आजींची वाट" असं रंगवून तोंडाशी ठोकलं. वाट इतकी नीट झाली की लोक मुद्दाम तिकडून फिरायला जाऊ लागले. त्यांच्यातल्याच कुणाकुणाला आई मावशीच्या बंद दारासमोर उभी दिसायची. ते नमस्कार करून पुढं जायचे.

मग पोस्टमास्तर निरोप घेऊन आले. ते शब्द जसेच्या तसे पोचवणारे गृहस्थ होते. "तुमच्या ताईंनी सांगितलंय, तोंडदेखलं यायची गरज नाही. जबरदस्ती नको. बाकी सगळं ठीक."

"तोंडदेखलं?" आई म्हणाली. "मी?"

"असंच म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतलं."

त्यानंतर आईनं जाणं सोडलं.

काही दिवस ती नुसती बसून असे. बाई शाळेतून धावत येत, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसत, शाळेतल्या गमती सांगत. आई ऐकत असे किंवा नसे. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती आपणहून बोलू लागली.

"लहानपणापासून अशीच ती. तुला सांगते, स्वतःला राणी समजते. बहिरी म्हणून सगळ्यांनी हांजी हांजी करायची. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला तिच्यासाठी, आणि मला तोंडदेखली म्हणते!"

"जाऊ दे, आई."

"का जाऊ दे? ऐक तर." आईनं हातातली जुडी खाली ठेवली, मान उंच केली, डोळे घट्ट मिटले आणि उंच, सपाट आवाजात म्हणाली, "तुला दमवायचं नाही मला." हुबेहूब. मग ओठ पुढं काढून मावशीसारखं कुणाच्या तरी तोंडाकडे निरखून बघण्याची नक्कल केली. "अशी बघते. माशाकडे बगळा बघतो तशी."

बाई हसल्या. हसू त्यांना आवरेना. त्यांनी टेबलावर हात आपटला. आई त्यांना हसताना बघून आणखी रंगात आली. मावशीचं चालणं, मावशीचं खाणं, एकेक करून दाखवू लागली. भाजी तशीच राहिली. बाहेर वाटेवरून फिरायला निघालेली माणसं त्या आवाजानं क्षणभर थबकली आणि बरं वाटून पुढं गेली.

"थांब हं," आई डोळे पुसत म्हणाली, "ती माझ्याविषयी काय काय बोलत असेल ते करून दाखवते. तिला कोण भेटतं म्हणा आता. कुणीच नाही. कुणाशी बोलणार? भिंतीशी?"

"भिंतीला ओठ नसतात," बाई म्हणाल्या.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाईंनी उठून तिला पाणी दिलं आणि ती पिईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.